निर्वहणाचा प्रश्न आणि चाहत्याची तक्रार

वाचककेंद्री समीक्षेने वाचकाला मानाचे स्थान दिले खरे. परंतु हा वाचक प्रत्यक्षात बोलू लागला की त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तिची तयारी नसते. हान्स रॉबर्ट याउसचे ‘अपेक्षांचे क्षितिज’ आणि व्होल्फगांग इझरच्या ‘रिक्त जागा’ यांवर व्याख्याने होतात, प्रबंध लिहिले जातात. मात्र त्यांतील वाचक बहुधा समीक्षकानेच कल्पिलेला, संयमी आणि सोयीचा असतो. कौटुंबिक मालिकेचा शेवट पाहून संतापलेला चाहता या कल्पनेत बसत नाही. त्याची प्रतिक्रिया भाबडी ठरते, आणि फार तर समाजशास्त्राचा विषय म्हणून तिची बोळवण केली जाते. ही वाटणी सोयीची असली तरी सैद्धान्तिकदृष्ट्या टिकणारी नाही.

‘द सोप्रानोज’ ही अमेरिकी मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. एचबीओ वाहिनीवर १० जानेवारी १९९९ ते १० जून २००७ या काळात तिचे ८६ भाग दाखवले गेले. न्यू जर्सीतील टोळीप्रमुख टोनी सोप्रानो हा तिचा नायक. पण आई, पत्नी, मुले, बहीण आणि काका यांच्याशी असलेले त्याचे ताण हाच तिचा खरा विषय आहे. अखेरच्या प्रसंगात टोनी, पत्नी कार्मेला आणि मुलगा एजे एका साध्या उपाहारगृहात बसले आहेत; मुलगी मेडो बाहेर गाडी लावण्याची खटपट करते आहे. दाराची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा होतो. सुमारे दहा सेकंद ना चित्र, ना आवाज, मग श्रेयनामावली. अनेक प्रेक्षकांना केबल गेली असेच वाटले, आणि ती गेली नव्हती हे कळल्यावर ते संतापले. त्यांना मिळालेले प्रतिष्ठित उत्तर ठरलेले होते: खुला शेवट हे प्रगल्भतेचे लक्षण, तो ज्याला रुचत नाही त्याची अभिरुची अपक्व. या उत्तराची परीक्षा व्हायला हवी.

अखेरच्या नऊ भागांपैकी पहिल्यात टोनीचा मेहुणा बॉबी नावेत बसून म्हणतो की, मरण येते तेव्हा बहुधा ते ऐकूही येत नसावे. शेवटून दुसऱ्या भागात टोनीला हे बोलणे आठवते. म्हणजे केबलची तार तपासण्यासाठी उठलेल्या प्रेक्षकाला, काहीच ऐकू न येता सगळे थांबणे म्हणजे काय, याचा अनुभव स्वतःच्या खोलीत आला. ‘केबल गेली’ हे त्याचे उद्गार त्या शेवटाच्या रूपाचे सर्वांत अचूक वर्णन होय. ज्या समीक्षेला हे उद्गार हास्यास्पद वाटले, तिने संहितेचा परिणाम नोंदवण्याची संधीच गमावली.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. भरताने सांगितलेल्या पाच संधींपैकी अखेरची निर्वहण. आधीच्या संधींत विखुरलेले अर्थ तिथे एकत्र आणले जातात. प्रस्तुत प्रसंगात हे एकत्र येणे अक्षरशः घडू पाहते: चौथे माणूस टेबलाशी येऊन बसायचे आहे. नेमके तेच नाकारले गेले. टोनी मेला की जगला, एवढ्यावरच वाद घालणाऱ्या पंडितांपेक्षा मेडोला आत आलेली पाहू न शकल्याने हळहळणारा प्रेक्षक मालिकेच्या विषयाच्या अधिक जवळ आहे. मालिका सुरू झाली तेव्हा मेडो शाळेत होती. ती मोठी होत असताना प्रेक्षकाच्या घरातही आठ वर्षे उलटली. एका बांधणीत हाती येणाऱ्या कादंबरीवरून रचलेली ‘संवृत’ आणि ‘विवृत’ ही जोडी या सोबतीच्या काळाचा हिशेब करीत नाही. मराठी समीक्षेनेही तो क्वचितच केला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होत्या. अभ्यास मात्र बांधलेल्या पुस्तकांचाच होत राहिला.

यावर आक्षेप असा की, चाहत्याचे ऐकायचे तर कलाकृती लोकमतावर चालेल. हा आक्षेप तक्रार आणि मागणी यांची गल्लत करतो. १८९३ मध्ये कॉनन डॉइलने शेरलॉक होम्सला मारले आणि पुढे १९०३ मध्ये तो जिवंत असल्याचे दाखवले. मागणी मान्य करायची की नाही, हा लेखकाचा प्रश्न. तक्रारीत कलाकृतीविषयी कोणते ज्ञान आहे, हा समीक्षेचा प्रश्न. चाहता मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस याच्याकडे खुलाशाची मागणी करतो, तेव्हा तो चुकतोच. पण त्या चुकीत तो एकटा नाही. २०१४ मध्ये एका अभ्यासिकेने टोनी मेला नाही असे चेसचे म्हणणे असल्याचे छापले, आणि आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचे चेसला जाहीर करावे लागले. २०२१ मध्ये त्याच्या दुसऱ्या एका मुलाखतीतून बरोबर उलटा निष्कर्ष काढला गेला. बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ शिकवणारे विद्वानही लेखकाच्या दारात उभे राहतात, तेव्हा चाहत्याला भाबडे म्हणण्याचा अधिकार कुणाला उरतो?

चाहत्याची मागणी नाकारावी. त्याची तक्रार मात्र संहितेशी ताडून पाहावी. ती कुठे अचूक आहे, कुठे फसते, कोणत्या अपेक्षेतून उपजली आणि ती अपेक्षा कलाकृतीनेच निर्माण केली होती काय, हे दाखवणे समीक्षेचे काम आहे. ते न करता वाचकाच्या सहनिर्मितीचे गोडवे गाणारी समीक्षा प्रत्यक्षात वाचकाविनाच चालली आहे, असेच म्हणावे लागेल.