मानांकन खव्याला, पण भट्टीवाल्यांना काय?

कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कुंथलगिरी भूम तालुक्यातील. पण खव्याच्या भट्ट्या कळंब तालुक्यातही पेटतात. पाऊस हुलकावणी देतो तेव्हा येथील कुटुंबांना म्हैस आणि भट्टीच तगवतात. म्हणून मानांकनाचे स्वागतच.

मात्र १९९९ चा कायदा उत्पादनाचा प्रदेश आखून देतो. त्याबाहेरच्या भट्टीला ते नाव लावता येत नाही. प्रदेशातील उत्पादकालाही ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी केल्यावाचून मानांकनाचा हक्क लाभत नाही. धुरात बसून कढई ढवळणाऱ्या बाईला हे कोणी समजावले आहे काय? सुमारे पाच लिटर दूध आटते तेव्हा किलोभर खवा हाती येतो. जळण तिचे, श्रम तिचे. भाव तेवढा व्यापाऱ्याचा! २०२३ च्या विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत तिचा व्यवसाय नाही. २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने ३५ टक्के अनुदान देऊ केले खरे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले. आणि बँकेचा उंबरठा तिच्यासाठी उंचच.

जिल्हा प्रशासनाने मानांकनाची हद्द कळंबच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी, हद्दीतील भट्ट्यांची नोंदणी गावात येऊन करावी आणि अर्जावर कढईपाशी बसणाऱ्या स्त्रीचे नाव घालावे.