नाव घालायची घाई नको

मैत्रिणींनो, भांड्यांच्या दुकानातला तो क्षण तुमच्या चांगला ओळखीचा असेल. दोन तास उभं राहून परात, डबे, पातेली, कुकर असं सगळं निवडून झालेलं असतं. पाय दुखायला लागलेले असतात. गल्ल्यावरचे मालक "चहा मागवू का?" म्हणून विचारतात आणि तेवढ्यात काउंटरमागचा पोऱ्या मशीनचं बटण दाबून म्हणतो, "नाव काय घालायचं, ताई?"

आपण खूश होऊन नाव सांगतो. फुकट घालून देतात ना! ती सुई कर्र कर्र करत स्टीलवरून फिरते आणि भांडं आपलं होतं. इतकं आपलं होतं, की नंतर ते गळकं निघालं तरी आपलंच राहतं.

गेल्या महिन्यात भाचीच्या संसाराची भांडी घ्यायला मी वहिनीबरोबर गेले होते. पोऱ्याने मशीन सुरू केल्याबरोबर मी म्हटलं, "थांब रे बाबा. नाव चार दिवसांनी घालू." वहिनीला ते मुळीच आवडलं नाही. "अहो वन्सं, पुन्हा कोण खेटा घालणार? आणि ओळखीचं दुकान आहे, त्यांना काय वाटेल?"

वहिनी म्हणाली त्यात काही चूक नाही. त्यांना काय वाटेल, याच एका विचारापायी मी एक कुकर चाळीस वर्षं सांभाळला आहे. ती हकीगत मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

१९८४ साल. लग्नाला तीन वर्षं झाली होती. गॅससाठी नंबर लावलेला होता, पण तो लागायचा होता. स्वयंपाक वातीच्या स्टोव्हवर. घरात आम्ही सात माणसं. दहाजणींच्या भिशीत माझा नंबर लागला आणि मी ठरवलं, या पैशांतून कुकर घ्यायचा. सासूबाईंचं म्हणणं, "आमच्या पातेल्यात आजवर भात शिजत नव्हता का?" तरीही मी घेतला. बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानातून, एकटीने जाऊन. मी बिल मागितलं तर दुकानदार म्हणाले, "बिल केलं तर विक्रीकर पडेल. घरच्या माणसाला कशाला हवंय बिल?" चार पैसे वाचले म्हणून मलाही बरंच वाटलं. झाकणावर ह्यांचं नाव घालून घेतलं आणि घरी आले.

त्या कुकरची शिट्टी कधी झालीच नाही. सगळ्या कडेने फुसफुस वाफ जायची. वरणातलं पाणी आटायचं आणि डाळ बोटाखाली कचकच करायची. रबर बदललं, पुन्हा बदललं. शेवटी झाकण पाटावर पालथं घालून पाहिलं, तर कड एका बाजूला किंचित वाकलेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त जुनं पातेलं घासून पुढे काढून ठेवलं.

पिशवीत कुकर घालून मी दुकानात गेले. दुपारची गर्दी होती. दुकानदारांनी झाकण हातात घेऊन वरवर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पहिलाच कुकर ना? लावायची सवय नसेल तुम्हाला." दोघं-तिघं हसले. मी कड दाखवली. तर म्हणाले, "ही घरी पडून वाकली असेल. आणि आता नाव घातलंय, ताई. दुसऱ्याच्या नावाचा माल मी कुणाला विकू? असं करा, साहेबांना पाठवून द्या. मी त्यांना समजावून सांगतो."

साहेबांना पाठवायचं म्हणजे साहेबांना सगळं सांगायचं. मी मागच्या गल्लीने घरी आले आणि विचारल्यावर सांगितलं, दुकान बंद होतं. पुढे तो कुकर माळ्यावर गेला. नंतर कधीतरी झाकणाशिवाय खाली आला. आजही आमचे तांदूळ त्यातच असतात. डबा म्हणून उत्तम आहे हो!

आता एवढ्या वर्षांनी विचार करते तेव्हा वाटतं, दुकानदाराचं एक म्हणणं खरं होतं: नाव घातलेलं भांडं पुन्हा विकता येत नाही. पण म्हणून वाकडी कड सरळ होत नाही. माझी खरी चूक निराळीच होती. कुकरवर नाव होतं, कागदावर नव्हतं.

तेव्हा ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो १९८६ साली आला. आता २०१९चा नवा कायदा आहे, २०२० पासून लागू झालेला, आणि त्यातली एक गोष्ट आपण बायकांनी पाठच करून ठेवावी अशी आहे. बिल न देणं ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. त्यासाठी बिलावर मुदत छापलेली असेल तर ती मुदत, नसेल तर तीस दिवस. म्हणून बिलाची पाठपोट दोन्ही बाजू तिथेच वाचा. सात दिवस छापलं असेल तर आठव्या दिवशी जाऊन भांडू नका. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी पाहून आपण घाबरतो. सदोष मालापुढे त्या पाटीचं काही चालत नाही. मात्र रंग आवडला नाही, जावेने यापेक्षा स्वस्त आणलं, अशा कारणांसाठी हा कायदा नाही. तिथे दुकानदार नाही म्हणाला तर तो त्याचा हक्क आहे, आणि बदलून दिलंच तर त्याचे आभार माना.

बरं, घरी आणल्यावर पाहायचं काय? पातेली, कढया सपाट ओट्यावर ठेवून बोटाने दाबा; डुगडुगली तर तळ सरळ नाही. कान रिव्हेटने बसवलेले असतील तर रिव्हेटच्या वरपर्यंत पाणी भरून तासभर ठेवा. डब्यांची झाकणं फिरवून फिरवून लावा, एकाच बाजूने बसत असेल तर पावसाळ्यात पोहे सादळलेच म्हणून समजा. नळाच्या पिंपाखाली कोरडं वर्तमानपत्र घालून रात्रभर ते भरून ठेवा. कुकरमध्ये नुसतं पाणी घालून शिट्टी होऊ द्या आणि वाफ कुठून येते ते पाहा. मधल्या नळीखेरीज कुठूनही येता कामा नये.

कुकरवर आयएसआयची खूण मात्र दुकानातच बघून घ्यायची. घरगुती प्रेशर कुकरला ही खूण सक्तीची आहे. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली 'सीएम/एल'ने सुरू होणारा परवाना क्रमांक. नुसती खूण कुणीही उठवील, म्हणून तो खालचा क्रमांक पाहावा. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलमधल्या अॅपमध्ये तो घातला की परवाना कुणाचा आहे ते कळतं. घरबसल्या मागवणाऱ्या मुलींनाही हे सांगा. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे मानकाबाहेरचे कुकर विकू दिल्याबद्दल ऑनलाइन विक्रीच्या कंपन्यांना दंड केला होता. कुकर म्हणजे काही चहाची गाळणी नव्हे. त्यात वाफ कोंडलेली असते.

भाचीच्या खरेदीत एक गंमत झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. विकणाऱ्या मुलाने खिशातून लोहचुंबक काढलं आणि ऐटीत एकेका भांड्याला लावून दाखवायला लागला. "बघा मावशी, चिकटत नाही. अस्सल स्टील!" वहिनीने मान डोलावली. भाचीने विचारलं, "मग हे इंडक्शनवर चालेल का?" मुलगा गप्प! कारण इंडक्शनच्या शेगडीवर तळाला लोहचुंबक चिकटणारंच भांडं तापतं. आणि चिकटलं नाही म्हणजे अस्सल, हेही खरं नाही. ज्यात निकेल भरपूर असतं त्या चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेल्या हलक्या स्टीललाही ते चिकटत नाही. म्हणजे त्या चुंबकाने दोहोंतला फरक कळतच नाही. फरक हवा तर भांड्यावर किंवा खोक्यावर काय प्रत छापली आहे ते पाहा आणि तीच प्रत बिलावर लिहून मागा. तोंडी 'अस्सल'ला काही अर्थ नाही. चुंबक आपणच पर्समध्ये ठेवावं, इंडक्शनची भांडी घेताना उपयोगी पडतं.

वजनावर मिळणारं भांडं असेल, पितळेचं, तांब्याचं, जाड स्टीलचं, तर ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे ना तेवढं पाहावं. पुठ्ठ्याच्या खोक्यासकट वजन करू देऊ नये.

सगळेच दुकानदार माझ्या १९८४च्या दुकानदारासारखे नसतात, हेही लिहायला हवं. काही वर्षांपूर्वी पुण्याला कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले होते. ठोक्याचं मोठं तांब्याचं तपेलं घ्यायचं मनात होतं. एका दुकानातल्या आजोबांनी भांडं दाखवण्याआधी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात माणसं किती? रोज वापरणार की सणासुदीला? कशावर ठेवणार? गावात कल्हईवाला येतो का? मी म्हटलं, आता आम्ही दोघंच, आणि कल्हईवाला कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. "मग हे घेऊ नका," आजोबा म्हणाले. "आत कल्हई लागते. कल्हई म्हणजे कथिल, ते २३२ अंशांना वितळतं. गॅसवर रिकामं राहिलं की गेलं. मग आंबट काही घालायची सोय नाही. वर्षभराने तपेलं माळ्यावर टाकाल आणि मला नावं ठेवाल." शेवटी मी एक लहानशी पाणी प्यायची तांब्याची लोटी घेतली. आजोबांचा त्या दिवशीचा धंदा बुडाला खरा, पण तेव्हापासून आमच्या नात्यातल्या तीन लग्नांची भांडी मी त्यांच्याकडून घेववली आहेत. दुकानदाराला हा हिशेब कळत नाही असं कसं म्हणावं? पण बहुतेकांना तो नको असतो.

आणि समजा दुकानदाराने दाद दिलीच नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वस्तू कुठूनही मागवली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. पण खरं सांगते, शंभरांतल्या नव्वद वेळी एवढ्या लांब जावं लागत नाही. बिल हातात धरून, आवाज न चढवता, पण न हलता उभं राहिलं की पुरतं. ते न हलणंच आपल्याला जड जातं.

तर वहिनीचं पिंप. वर्तमानपत्र घालून रात्रभर भरून ठेवलेलं. सकाळी पाहतो तर नळाखालचा कागद ओलाचिंब. वॉशर घट्ट करून पाहिला, पण पाणी नळाच्या मुळाशी, डाग दिला होता तिथून येत होतं. वहिनी म्हणाली, "जाऊ दे, खाली ताटली ठेवील ती." मी काहीच बोलले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि आमच्या तांदळाच्या डब्याची सगळी हकीगत तिला सांगितली. एवढ्या वर्षांत तिलाही ती ठाऊक नव्हती. तिने ऐकून घेतलं, हात पुसले आणि पिशवी काढली.

दुकानात मी मुद्दामच मागे, पंख्याखाली उभी राहिले. मालकांनी पिंपाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, बरोबर कुणी पुरुषमाणूस आलं आहे का ते. "दादांना नाही आणलं? त्यांना पाठवलंत तर—"

"दादांनी घेतलंच नव्हतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता. "मी घेतलं. बिलावर माझं नाव आहे बघा."

मालकांनी बिल पाहिलं. पिंप उलटंसुलटं करून पाहिलं, आत बोट फिरवलं. नाव घातलेलं नव्हतं. त्यांनी पोऱ्याला वरून दुसरं पिंप काढायला सांगितलं. वहिनीने ते तिथेच निम्मं पाण्याने भरायला लावलं आणि खाली दुकानातलंच वर्तमानपत्र अंथरलं. दुकानात आणखी दोघीजणी होत्या, त्याही येऊन बघत उभ्या राहिल्या. अर्धा तास आम्ही बसून होतो. कागद कोरडा होता.

"आता घालू का नाव?" पोऱ्याने विचारलं.

"घाल," वहिनी म्हणाली आणि मालकांकडे वळली. "आणि त्या दिवशीचा चहा राहिलाय तुमचा. तो आता मागवा."