छळ, कबुली आणि सत्य

छळ कधी नैतिक दृष्ट्या समर्थनीय ठरू शकतो काय, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा विधिज्ञ आणि पोलीस अधिकारी यांच्यावर सोपविली जाते. साहित्याच्या अभ्यासकाला तीत काही सांगावयाचे असेल, असे सहसा कोणी मानीत नाही. वस्तुतः छळाचे समर्थन ज्या गृहीतकावर उभे आहे ते भाषेविषयीचे आहे. वेदनेत सापडलेला माणूस खरे बोलतो, हे ते गृहीतक होय. आणि ज्या दृष्टान्ताचा आधार या समर्थनाला दिला जातो, तो तर उघडउघड एक कथाच आहे. संहिता आणि कथा यांची चिकित्सा हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी या प्रश्नाकडे पाठ फिरविणे उचित नव्हे.

भिलाईसारख्या नगरात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या नाना भागांतून, नाना भाषा बोलणारी कुटुंबे छत्तीसगढी मुलखात येऊन वसली. कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येत आले. तेथील साठे ओसरू लागले तेव्हा दृष्टी वळली ती बस्तरच्या बाजूच्या रावघाटाकडे. त्या बाजूला माओवादी आणि सुरक्षा दले यांच्या संघर्षात कित्येक वर्षे माणसे मरत आली. सुरुंगाने उडविलेली वाहने आणि खबरे ठरवून मारलेले गावकरी ज्या राज्याने पाहिले, तेथील सुशिक्षित, सुस्वभावी माणूसही विचारतो की, एकाला यातना देऊन दहांचे प्राण वाचत असतील तर त्यात वावगे काय? हा प्रश्न विचारणारा माणूस क्रूर नसतो. म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

हा युक्तिवाद नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या 'कण्टकशोधन' या चौथ्या अधिकरणात वाक्यकर्मानुयोगाचा, म्हणजे शब्दाने व शारीरिक यातनेने करावयाच्या चौकशीचा, स्वतंत्र अध्याय आहे. ज्याच्या दोषाविषयी सबळ संशय आहे त्यालाच यातना द्यावी. बालक, वृद्ध, रोगी, उन्मत्त, दुर्बल यांना देऊ नये. गर्भिणी व बाळंतीण यांना मुळीच नाही. ब्राह्मण आणि तपस्वी यांची चौकशी हेरांकरवी करावी, असे निर्बंध तेथे आहेत. यावरून 'नियंत्रित छळ' शक्य आहे असे कोणी म्हणेल. परंतु सवलतींची ही यादी नीट वाचली, म्हणजे तिच्याबाहेर कोण उरतो हे ध्यानात येते. ज्याच्यापाशी प्रतिष्ठा नाही आणि सहज दिसणारे दौर्बल्यही नाही, असा धडधाकट सामान्य माणूस उरतो.

विशेष म्हणजे याच अध्यायात ग्रंथकार स्वतःच सावधगिरीची सूचना देतो आणि तीसाठी माण्डव्याचे उदाहरण घेतो. महाभारताच्या आदिपर्वातील माण्डव्य मौनव्रती आहे. आश्रमात लपलेल्या चोरांविषयी राजपुरुष विचारतात तेव्हा तो काहीच बोलत नाही आणि सुळावर चढविला जातो. अर्थशास्त्रातील माण्डव्य मात्र यातनांच्या भयाने, चोर नसताही, आपण चोर असल्याचे सांगून टाकतो. एका कथेत मौन हा पुरावा ठरला, दुसरीत वाणी. कथेच्या या दोन रूपांतून निघणारा निष्कर्ष मात्र एकच आहे. विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरविले असले, की मौनातही त्याला तेच ऐकू येते आणि बोलण्यातही तेच.

हे सूत्र पुढेही तुटत नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त न्यायसभेत चाबकाची धमकी मिळाल्यावर चारुदत्त आरोप नाकारण्याचे सोडून देतो. जिच्या हत्येचा आरोप आहे ती वसन्तसेना मात्र जिवंत असते. विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या नाटकात चोरीचा खोटा आळ येऊन मार खाल्लेला घाशीरामच पुढे कोतवाल होतो आणि संशयिताला तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य करावयास लावतो. नाटक इतिहासाचे अनुकरण करीत नाही, हे खरे. पण ऐतिहासिक घाशीरामाचा अंतही १७९१ मध्ये, त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यानंतरच झाला.

आता छळाच्या समर्थकांचा आवडता दृष्टान्त पाहू. शहरात बाँब ठेवलेला आहे, घटका भरत आली आहे, तो कोठे आहे हे ठाऊक असलेला माणूस हाती सापडला आहे, आणि तो बोलत नाही. या कल्पनाचित्राला आधुनिक काळात लोकप्रियता मिळाली ती अल्जीरियातील युद्धावर झाँ लार्तेगी यांनी लिहिलेल्या 'ले सान्त्युरियाँ' (१९६०) या फ्रेंच कादंबरीमुळे, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. म्हणजे हा दृष्टान्त प्रत्यक्षातून निघून तत्त्वचर्चेत आलेला नाही. त्याची वाट कादंबरीतून आली. कथनशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्यातील खरी मेख निवेदकात आहे. हा निवेदक सर्वज्ञ आहे. बाँब आहे, हाच माणूस दोषी आहे, त्याला ठिकाण माहीत आहे आणि मारल्यावर तो खरेच सांगेल, या चारही गोष्टी त्याने वाचकाला अगोदरच सांगून टाकल्या आहेत. प्रत्यक्ष चौकशीच्या खोलीत असा निवेदक नसतो. तेथे ज्याचा शोध घ्यावयाचा, तेच कथेत गृहीत धरलेले असते.

महाराष्ट्राने या दृष्टान्ताच्या जवळ जाणारा प्रसंग अनुभवलेला आहे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत काही मिनिटांच्या अवधीत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लोकांचा संताप न्याय्य होता. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यान्वये (१९९९) वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुली पुरावा म्हणून ग्राह्य ठरते. वस्तुतः १८७२ च्या पुरावा कायद्याने, तोही परकीय सत्तेने केलेला असताना, पोलिसांपुढील कबुली अग्राह्य मानली होती, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तो नियम कायम ठेवला आहे. विशेष कायद्याने मात्र त्याला अपवाद केला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले व त्यांपैकी पाच जणांना देहदंड दिला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब छळातून आलेले आणि अविश्वसनीय असल्याचे कारण त्यात प्रमुख होते. निरनिराळ्या कबुलीजबाबांतील काही मजकूर एकसारखा असल्याचेही न्यायालयाने नोंदविले. शासनाने अपील केले आहे, आणि हा निर्णय पूर्वोदाहरण मानू नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. तेव्हा अंतिम शब्द उच्चारला जावयाचा आहे. तरीही पाठचिकित्सा करणाऱ्याला त्या एकसारख्या मजकुराचा अर्थ सांगावा लागत नाही. दोन पोथ्यांत वाक्ये जशीच्या तशी आढळली, की संपादक त्या दोहोंमागील एका मूळ प्रतीचा शोध घेतो. आणि यात सर्वांत मोठा अन्याय झाला असेल तर तो मृतांच्या आप्तांवर. एकोणीस वर्षांनंतरही, स्फोट कोणी केले, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर त्यांना मिळालेले नाही.

छळाने क्वचित खरी माहितीही मिळते, हे मान्य केले पाहिजे. छळ निरुपयोगी म्हणून त्याज्य, एवढ्यावर थांबणारा मनुष्य उद्या उपयोगाचे एक उदाहरण पुढे आले की निरुत्तर होईल. नैतिक आक्षेप याहून खोल आहे. शिक्षा माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेते, पण त्याची वाणी त्याच्याकडेच राहू देते. तो नाकारू शकतो, गप्प राहू शकतो, खोटेही बोलू शकतो. छळ त्याच्या शरीराला त्याच्याच विरुद्ध उभे करतो आणि त्याच्या तोंडून दुसऱ्याचे वाक्य वदवून घेतो. शिवाय 'केवळ एकदाच' असा छळ अस्तित्वात नसतो. त्यासाठी सराव असलेले हात लागतात, खोल्या लागतात, जखमांकडे दुर्लक्ष करणारा वैद्य लागतो. आणि अशी यंत्रणा एकदा उभी राहिली की ती बाँबची वाट पाहत बसत नाही.

ती कोणाकडे वळते, हे छत्तीसगढने पाहिले आहे. दन्तेवाड्याच्या आदिवासी शिक्षिका सोनी सोरी यांना ऑक्टोबर २०११ मध्ये अटक झाली. कोठडीत आपला लैंगिक छळ झाल्याचा त्यांचा आरोप पोलिसांनी नाकारला. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून कोलकात्यात झालेल्या तपासणीत त्यांच्या शरीरात खडे आढळले. त्यांच्यावरील शेवटच्या खटल्यातूनही २०२२ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. येथे कोठेही घटका भरत आलेली नव्हती.

डी. के. बसू खटल्यात (१९९६) सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने संमत केलेले विधेयक पुढे व्यपगत झाले. असा कायदा करण्याआड येते ती हीच शंका, की 'तसा' प्रसंग आला तर? तिला उत्तर असे की, एखाद्या अधिकाऱ्याला खरोखरच तसा प्रसंग आला असे वाटले, तर त्याने नंतर उघड्या न्यायालयात येऊन आपण कायदा मोडला हे सांगावे आणि निवाडा स्वीकारावा. त्याला आधीच परवाना देऊन ठेवण्याचे कारण नाही. महाभारतातील माण्डव्याने सुळावरून उतरल्यावर प्रत्यक्ष धर्माला जाब विचारला, आणि धर्मालाही शाप भोगावा लागला. कोठडीतल्या माणसाला तो जाब विचारता येईल, एवढी तरी सोय कायद्याने केली पाहिजे.