शब्दाची कुंडली : मॉर्गेज

गेल्या शनिवारी घराच्या कागदांवर सह्या केल्या. रात्री बाबांचा फोन. "मॉर्गेज म्हणजे गहाणच ना रे?" मी म्हटलं, "बाबा, इथे सगळेच घेतात." पलीकडे शांतता. आमच्या घरात 'गहाण' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

म्हणून शब्द उघडून पाहिला. जुन्या फ्रेंचमधला. 'मॉर्ट' म्हणजे मेलेलं, 'गेज' म्हणजे तारण. मेलेलं तारण! (स्पेलिंगमधला मुका 'टी' मागाहून, लॅटिनच्या प्रेमापोटी घुसवलेला.) 'गेज'चं गोत मोठं आहे. एंगेजमेंट त्यातलीच, मजुरी या अर्थाचा वेज हा सख्खा भाऊ आणि वेडिंग ही लांबची चुलतबहीण. विवाहितांनी काय तो अर्थ काढावा.

पण मेलं कोण? कायदेपंडित एडवर्ड कोक यांनी १६२८ साली लिहिलं की कर्ज फिटलं नाही तर जमीन ऋणकोला मेली आणि फिटलं तर तारण सावकाराला मेलं. ऐकायला छान. मात्र ग्लॅनव्हिलच्या नावावर असलेला बाराव्या शतकातला ग्रंथ वेगळंच सांगतो. जमीन सावकाराच्या ताब्यात, पीक तोच खाणार, आणि तरी त्यातला दाणाही कर्जातून वळता होणार नाही, ते मेलेलं तारण.

इथे मी थबकलो. आजोबांची दोन एकर अशीच कबजेगहाण होती. जोंधळा सावकाराच्या कणगीत, मुद्दल जिथल्या तिथं. बाबा त्याच बांधावरून शाळेत जायचे, पण शेतात पाय ठेवायची सोय नव्हती. ती जमीन परत आली नाही.

रविवारी बाबांना हे सगळं सांगितलं आणि एक्सेल उघडून हिशोबही वाचून दाखवला. ३ लाख डॉलर, ६ टक्के, ३० वर्षं म्हणजे हप्ता साधारण १,७९९. पहिल्या हप्त्यात व्याज १,५००, मुद्दल फक्त २९९. मुद्दलाचा वाटा व्याजाहून मोठा व्हायला एकोणिसावं वर्ष उजाडतं! बाबांनी आकडे कागदावर उतरवून घेतले.

"पण ते २९९ पहिल्याच महिन्यात कमी होतात ना, नक्की?"

"होतात बाबा. पुढे वाढतही जातात."

"मग जिवंत आहे," ते म्हणाले आणि फोन आईकडे दिला.