सिराज औरंगाबादींना अर्धे वाचू नका

आपल्या भागात उर्दू शिकवणारा प्रत्येक जण सिराज औरंगाबादींचे नाव अभिमानाने घेतो. अठराव्या शतकातील हा सूफी शायर आपला. त्यांची गझल आबिदा परवीन यांच्या आवाजात सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना ऐकली जाते. पण १७४७ मधील 'बोस्तान-ए-खयाल' या मसनवीचा विषय निघाला की आपण घाईने पान उलटतो. तिच्यात शायराने एका तरुणावरील प्रेम आणि विरह सांगितला आहे.

'तो इश्क-ए-हकीकी', असे म्हणून विषय मिटवला जातो. उर्दू गझलेत माशूक पुल्लिंगी असण्याचा रिवाज आहे, हे मीही वर्गात शिकवतो. म्हणून प्रत्येक शेर पुरावा ठरत नाही. आजचे 'गे' हे लेबल सिराज यांना चिकटवणेही बरोबर नाही. पण मसनवीतली कहाणी व्याकरणाआड लपत नाही. इतिहासाचे प्राध्यापक सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी २००० साली भारतीय समलिंगी प्रेमाच्या लेखनाचा संग्रह काढला, त्यात ती घेतली.

सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळले. तरी 'हे पश्चिमेचे खूळ' असे लासूर स्टेशनातही ऐकू येते. ते ऐकून मान खाली घालणारा मुलगा आपल्याच मोहल्ल्यातला असू शकतो.

जायज-नाजायजची चर्चा आलिमांनी करावी. पण आपल्याच शायराची पाने लपवणे हे दीनाचे काम नाही आणि तालीमचेही नाही. ती पाने जपली, तर त्या मुलाला एवढे तरी कळेल की तो या मातीला परका नाही.