करडा पुरुषार्थ

दिवाळीच्या कापडखरेदीत एक प्रसंग घरोघरी ठरलेला असतो. पत्नीला अंजिरी, मुलीला पोपटी, धाकट्याला पिवळा असे सारे रंग वाटून झाले, की गृहस्थ स्वतःसाठी करडा सदरा मागतात. दुकानदाराने चुकून डाळिंबी ठाण उलगडलेच, तर म्हणतात, "छे हो, बायकी दिसेल!"

या 'बायकी' शब्दाशीच माझे भांडण आहे.

रंग बायकांचे, ही समजूत आली कोठून? टिळकांच्या लाल पगडीला कोणी बायकी म्हटल्याचे ऐकिवात नाही. धनगराचे तांबडे मुंडासे तर माळाच्या पलीकडूनही ओळखू येते. साहेबाच्या युरोपातही पूर्वी निराळा प्रकार नव्हता. फ्रान्सचा चौदावा लुई १७०१ साली चित्रासाठी उभा राहिला तो लाल टाचांचे जोडे घालून! पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या पुरुषांनी रंग टाकून काळा कोट चढवला. फ्ल्यूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली याला 'पुरुषांचा महात्याग' असे नाव दिले. तोच कोट कचेरीबरोबर आपल्याकडे आला. त्याग त्यांनी केला. सुतक मात्र आपण पाळतो आहोत!

जगाने ते पाळलेले नाही. घानामधला पुरुष समारंभाला पिवळ्या-हिरव्या-लाल पट्ट्यांचे केंते वस्त्र डाव्या खांद्यावर टाकून ऐटीत मिरवतो. नायजरमधले वोडाबे तरुण गेरेवोल उत्सवात तोंड रंगवून, नटूनथटून नाचतात, आणि त्यांतला देखणा कोण हे बायका ठरवतात. काँगोच्या ब्राझाव्हिल शहरात बेताच्या कमाईचे 'सापर' गुलाबी सूट घालून मातीच्या रस्त्याने रुबाबात चालतात. राजस्थानात श्रावण आला, की पुरुषांच्या डोक्यावर लहरिया चढतो. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढून १९९४ साली राष्ट्राध्यक्ष झालेले मंडेला रंगीबेरंगी नक्षीचे सदरे घालूनच राज्यकारभार पाहत. त्यांच्या पौरुषाविषयी शंका घेण्याची कोणाची छाती होती?

कोणी म्हणेल, "अहो, आम्हांला साधेपणाच आवडतो." वारकऱ्याचा पांढराशुभ्र साधेपणा मलाही वंद्य आहे, तो त्याने आपणहून पत्करलेला आहे. आपला करडा रंग आपण लोक हसतील म्हणून अंगावर घालतो. एरवी लग्नात दोन तासांपुरता गुलाबी फेटा बांधून आरशापुढे रेंगाळलो नसतो!

हे सारे घरातला मुलगा पाहत असतो. पिवळ्या सदऱ्यात बागडणारा तो धाकटा दहा वर्षांचा होतो आणि म्हणतो, "मला नको, मुलं हसतील." बाईसारखे दिसणे म्हणजे कमीपणा, हा धडा त्याने आपल्याच तोंडून घेतलेला असतो. उद्या हाच धडा तो बहिणीवर आणि बायकोवर गिरवील. सदऱ्याचा रंग क्षुल्लक खरा. हा धडा क्षुल्लक नव्हे.

तेव्हा गृहस्थहो, ते डाळिंबी ठाण पुन्हा उलगडायला सांगा. खरेदी उरकली असली तरी पाडवा अजून जायचा आहे. पत्नी ओवाळील तेव्हा तिच्यापुढे कचेरीतली फाईल नको, रंगात आलेला माणूस बसू द्या.