काळोखात उडणारे बार आणि आपण सगळे गप्प

पोस्ट लांब आहे. तरी वेळ काढून वाचा. मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांनी तर नक्कीच वाचा.

परवा रात्री अडीचच्या सुमारास आमच्या तालुक्यातल्या एका वाडीत भुईमुगाच्या मळ्यात बसलो होतो. मळा जेमतेम दहा-बारा गुंठ्यांचा. चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधलेल्या, काठ्यांना रिकामे डबे लटकवलेले. मालक साठीच्या पुढचे, मी त्यांना काका म्हणतो. भुईमूग काढायला पंधरा दिवस राहिले होते. आदल्या रात्री व्हाळाच्या बाजूने डुकरांचा कळप शिरला आणि अर्धा मळा उकरून गेला.

काका म्हणाले, "जानेवारीत पेरलंय, चार म्हयने पाणी लायलंय, आणि एका रातीत डुकरांनी सगळा नांगरल्यानी. आता तू माका कायदो सांगतंस?"

मी काय सांगणार?

तेवढ्यात डोंगराच्या पलीकडून बार ऐकू आला. मग अजून एक. मी विचारलं, कोण असेल? काका शांतपणे म्हणाले, "ते शेतकरी न्हय. गाडी घेवन इलेले."

या पोस्टमध्ये मला एवढीच गोष्ट सांगायची आहे. ज्याचं पीक जातं त्याच्या हातात बंदूक नाही, आणि रात्री ज्यांच्या हातात बंदूक असते त्यातल्या बऱ्याच जणांचं पीकच नाही. पण नाव मात्र शेतकऱ्याचं घेतलं जातं.

उन्हाळ्यातच हे का वाढतं, तेही समजून घ्या. रानडुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हात त्याला चिखल आणि पाणी लागतं. एप्रिल-मे मध्ये रानातलं पाणी आटतं, मग ते व्हाळाच्या कोंडीकडे आणि शिंपण असलेल्या मळ्यांकडे उतरतं. काजूची बोंडं, पडलेले फणस, भुईमूग, नारळाच्या कोवळ्या रोपांचा गाभा, सगळं त्याला वाडीच्या कडेलाच मिळतं. दिवसा माणसाची वर्दळ, म्हणून येतं रात्री. त्यामुळे पाण्यावर बसलं की डुक्कर हमखास येणार, हे शिकाऱ्यालाही माहीत असतं.

त्यात मे महिना म्हणजे सुट्टी. मुंबई-पुण्याहून पोरं येतात, कुणाच्या तरी घरातली बंदूक बाहेर निघते, डोक्याला बॅटऱ्या लागतात, बाटली असतेच. पहाटे वाटे पडतात आणि सकाळी मोबाईलवर फोटो फिरतात. खोटं कशाला बोलू? लहानपणी असा वाटा आमच्या घरीही आलाय आणि मी तो चवीने खाल्लाय. मी कुणी साधू नाही. पण पत्रकारितेत वीसेक वर्षं काढल्यावर या वाट्यांचा हिशोब वेगळा दिसायला लागला.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात एक तरुण गेला. झुडपात हालचाल दिसली आणि सोबतच्याने बार टाकला. झुडपात डुक्कर नव्हतं, मित्र होता. मी बातमी दिली, "बंदूक साफ करताना बार उडून तरुणाचा मृत्यू." गावाने तसंच सांगितलं, मी तसंच छापलं. पहाटे तीन वाजता रानात कोण बंदूक साफ करतं, हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पडला होता, पण मी विचारला नाही. घरच्यांवर केस नको, गावात वितुष्ट नको. आज त्याची आई बाजारात भेटली की मी नजर चुकवतो.

हे फक्त आमच्याकडे होतं असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात हेच घडलं. डुक्कर समजून साथीदारावर गोळी झाडली गेली, माणूस गेला, आणि घाबरलेल्या सोबत्यांनी मृतदेह लपवला. जानेवारी असो की मे, काळोख तोच आणि चूकही तीच.

बंदुकीशिवायचे मार्ग तर आणखी वाईट. कुंपणात सोडलेली वीज डुक्कर आणि माणूस यात फरक करत नाही. वायरच्या फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो. गावठी बॉम्ब गाय किंवा कुत्रा चावतो. २०२० च्या मे महिन्यात केरळात पलक्कड जिल्ह्यात जी गाभण हत्तीण तोंड फाटून पाण्यात उभी राहून मेली, तिच्या तोंडात फुटलेली स्फोटकंही अशीच, डुकरांसाठी वापरतात तसली होती.

आता कायदा. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची २ मध्ये आहे. विनापरवाना शिकार केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी देण्याची तरतूद आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून हा परवाना वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणला. म्हणजे 'कायदा शेतकऱ्याच्या विरोधात आहे' हे अर्धसत्य आहे.

मग काका अर्ज का करत नाहीत? मी विचारलं. म्हणाले, अर्ज देऊन पुढे काय? स्वतःची ठासणीची बंदूक होती, निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, मग परत आणायला फेऱ्या. एका वर्षी परवान्याचं नूतनीकरण राहिलं ते राहिलंच. "बंदूक जमा, डुकर मोकळो!" असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. परवाना मिळाला तरी मारणार कोण? साठीतला माणूस रात्री बॅटरी धरून नेम धरणार? आणि मारलेलं डुक्कर कायद्याने सरकारच्या मालकीचं, त्याची विल्हेवाट नियमाने लावायची. एवढ्या कटकटीपेक्षा गाडी घेऊन आलेल्यांना व्हाळाची वाट दाखवली की काम फुकटात होतं. अशी ही शिकार गावागावात चालू राहते.

पण काम खरंच होतं का? डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्लं सहज देते, गाभण काळ चार महिन्यांचाही नाही. हौशी शिकारी एखादा मोठा नर पाडतो, कारण मटण जास्त आणि फोटो भारी. माद्या आणि पिल्लांचा कळप दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यात. अमेरिकेतल्या टेक्सासचं बघा. तिथे डुकरं मूळची नाहीत, माणसांनी आणून सोडलेली. २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने ती मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. रात्री उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी लावून लोक पैसे भरून शिकार करतात. तरी डुकरं संपलेली नाहीत. तिथले जाणकारच सांगतात की नुसत्या बंदुकीने भागत नाही, मोठे पिंजरे लावून अख्खा कळप धरावा लागतो. आपल्याकडे तर डुक्कर इथलंच, बिबट्याचं अन्न. ते रानातून संपवलं तर बिबट्या कुठे येईल, हे गोठ्यात वासरू बांधणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. डुकरांचा बंदोबस्त हवाच, पण तो हौशी टोळक्यांवर सोडू नका.

एक. केरळने २०२२ च्या मे महिन्यात पंचायतींच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार देऊन परवानाधारक बंदूकवाल्यांकडून पिकात शिरणारी डुकरं मारायची व्यवस्था केली. विष, स्फोटकं, वीज यांना मनाई. ती व्यवस्था परिपूर्ण आहे असं मी म्हणत नाही. पण निदान बार कोणी टाकला याची नोंद राहते. आपल्याकडे प्रत्येक तालुक्यात वन खात्याने अशी प्रशिक्षित माणसांची यादी करावी. शेतकऱ्याने फोन करावा, त्यांनी यावं.

दोन. सौर कुंपणाचं अनुदान एकेकट्याला देण्याऐवजी वाडीला द्या. एकाने कुंपण घातलं की डुक्कर शेजाऱ्याकडे जातं, बस्स.

तीन. नुकसानीचा पंचनामा वेळेत करा. भुईमूग काढून झाल्यावर माणूस आला तर तो काय बघणार?

आणि चौथी गोष्ट आपल्यासाठी, सरकारसाठी नाही. रात्री बार ऐकू आला की कूस बदलून झोपू नका. वाटा आला तर विचारा, कुठून आला? आणि पत्रकार मित्रांनो, 'बंदूक साफ करताना' हे वाक्य आता पुरे करूया. सुरुवात मी माझ्यापासून करतो. पुढची बातमी मी खरी लिहीन.

काका आज रात्रीही मळ्यात असतील. डबे वाजवत.

तुमच्या गावात काय चाललंय? कमेंटमध्ये लिहा. नावं नकोत, परिस्थिती लिहा.